भेटायची वेळ

डॉक्टरांनी तिची जीभ कापडाच्या पट्टीत धरून बाहेर ओढली होती आणि दुसऱ्या हाताने बारीक कॅमेरा घशात उतरवला होता, तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिचा हात आपोआप पर्सकडे गेला. जीभ परक्याच्या चिमटीत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, घशातून धड ‘आ’ निघत नाही, आणि बोटं मात्र पर्सच्या चेनशी झटापट करतायत. डॉक्टर थांबले.

“आधी घसा,” ते म्हणाले, “मग फोन.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली ताई उठली. तिने धाकटीच्या मांडीवरची पर्स उचलली, आपल्या पाठीमागे भिंतीशी दडपली आणि पुन्हा बसली. पर्स तिच्या पाठीशीही थरथरतच राहिली.

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. स्वरतंतूंच्या कडेला गाठी आल्या होत्या. एक लहान होती. दुसरी तेवढी लहान नव्हती, आणि तिचा रंग डॉक्टरांना फारसा पसंत पडलेला दिसला नाही. ही काढावी लागेल आणि तपासायला पाठवावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या पंधरवड्यातली मिळाली. तोवर आणि त्यानंतरही काही दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्याने घशावर उलट जास्त ताण येतो. मग त्यांनी विचारलं, दिवसाकाठी तुमचं बोलणं किती होतं?

धाकटीने घोगऱ्या आवाजात सांगितलं, सकाळी एक वर्ग असतो, संध्याकाळी एक. फार नाही.

“आणि मधला सगळा वेळ ती फोनशी बोलते,” ताई म्हणाली. “लिहीत नाही. बोलते.”

बाहेर येऊन ताईने पर्स परत दिली. धाकटीने उभ्याउभ्याच फोन काढला. वर्गातल्या पहारेकऱ्याने टक्केवारीचं गणित विचारलं होतं, वर्गातल्याच लाँड्रीवाल्या बाईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवून ‘हे बरोबर का मॅडम’ असं लिहिलं होतं. धाकटीने सवयीने फोन तोंडाशी नेला, अंगठा बटणावर ठेवला. ताईने फोनवर आपला तळहात ठेवला आणि तसाच ठेवून ती लिफ्टपर्यंत चालत गेली.

धाकटीची पन्नाशी केव्हाच उलटली होती. केसांत पांढरं आलं होतं, गुडघे कुरकुरत होते, तरी घरात ती धाकटीच होती, कारण तिला हाक मारणारं माणूस एकच उरलं होतं आणि ते तिच्याहून मोठं होतं. तिने लग्न केलं नव्हतं. ताईचे यजमान गेले आणि मुलगा नोकरीनिमित्त दूर गेला, तेव्हा ताई तिच्या दोन खोल्यांत राहायला आली. ताईने सारा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून काढला होता, शेवटची बरीच वर्षं वॉर्डाची प्रमुख म्हणून. निवृत्त झाल्यावर तिच्या हाताखाली एकच पेशंट उरला, आणि तोही ऐकणारा नव्हता.

धाकटी गणित शिकवायची. आधी शाळेत शिकवलं. शाळेतल्या तुकड्या कमी झाल्या तशी ती एका शिक्षणसंस्थेत लागली. शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांना ही संस्था घरबसल्या परीक्षेची तयारी करून देई. वर्ग कॉम्प्युटरवर भरत. शाळेत घंटा होती. घंटा झाली की खडू खाली, प्रश्न उद्या. इथे घंटाच नव्हती. विद्यार्थी आपापल्या पाळ्या सांभाळून अभ्यास करत. कुणी पहाटे उठून वही उघडे, कुणी जेवणाच्या सुट्टीत. अडलं की तिथूनच मॅडमना विचारत, आणि मॅडम तिथल्या तिथे उत्तर देत. भाजी चिरताना देत, दुकानाच्या रांगेत देत, दात घासता घासता देत. लिहायला वेळ लागतो, बोललं की मोकळं, असा तिचा हिशेब. त्यामुळे ती व्हॉइस मेसेज पाठवायची. एका शंकेला एक मेसेज, तो कळला नाही तर दुसरा, आणि दुसरा कळला का ते विचारायला तिसरा.

दुपारी दोघी बहिणी पत्ते खेळायला बसत. डाव क्वचितच पुरा होई. ताई हातात पानं धरून बसल्याबसल्या पेंगायची, आणि धाकटी खिडकीशी उभी राहून कुणाला तरी छेद समान कसा करायचा ते सांगत असायची.

यामागे नुसती सवय नव्हती. तिची एक पक्की समजूत होती. लहान मुलाची शंका आठवडाभर टिकते, मोठ्या माणसाची शिळी होते. चाळिशीतला माणूस आधी दहादा विचार करून, चारचौघांत हसं होईल म्हणून भिऊन, कसाबसा एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच आलं तर ठीक. उशीर झाला की त्याला वाटतं, आपण काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. मग तो पुन्हा विचारत नाही, आणि काही दिवसांनी वर्गातही दिसत नाही. असं तिने पाहिलं होतं. म्हणून फोन वाजला की तिचा जीव टांगणीला लागे.

संस्थेने शिक्षकांसाठी एकदा एक व्याख्यान ठेवलं होतं, ऑनलाइन शिकवणाऱ्यांनी वेळेचं नियोजन कसं करावं यावर. इस्त्रीच्या शर्टातला एक तरतरीत तरुण पडद्यावर रंगीत चौकोन दाखवत होता. सगळ्या शंका गोळा करा, त्यांना एकच वेळ नेमून द्या, ती सोडून फोनकडे बघू नका, वगैरे. धाकटीने ते सगळं एका कानाने ऐकलं, कारण दुसऱ्या कानाने ती पहारेकऱ्याचं सरासरीचं उदाहरण ऐकत होती. वेळेच्या नियोजनाचं व्याख्यान ऐकायला तिला वेळ नव्हता. व्याख्यान संपल्यावर ती ताईला एवढंच म्हणाली होती, की या पोराने अजून कुणाला भागाकार शिकवलेला दिसत नाही.

इस्पितळातून परतताना ताईने दुकानातून एक छोटा पांढरा फळा आणि पुसता येणारं पेन आणलं. घरी येईपर्यंत धाकटीने त्यावर लिहायला सुरुवातही केली. तिचं अक्षर मोठं आणि स्वच्छ होतं. पहिल्याच वाक्याला तिने दोनदा अधोरेषा मारली होती. परीक्षा महिन्यावर आलीय.

ताई म्हणाली, चष्मा घरात राहिलाय, दिसत नाही. चष्मा तिच्या डोक्यावर होता.

संस्थेच्या संयोजकांना ताईनेच फोन केला. ते भले गृहस्थ होते. त्यांनी लगेच बदली शिक्षक द्यायची तयारी दाखवली, अगदी पूर्ण सत्र संपेपर्यंत. ताईने ते वळून सांगितलं तेव्हा धाकटीचा चेहरा उतरला. तिने फळ्यावर लिहिलं, नको. मग खाली लिहिलं, ती माणसं नव्या माणसाला विचारणार नाहीत. ताईने संयोजकांना दोन दिवस मागून घेतले.

संध्याकाळी चहाचे कप पुढ्यात ठेवून ताईने विषय काढला. फोन मधे पालथा पडला होता आणि दर थोड्या वेळाने गुरगुरत होता.

“वॉर्डात भेटायची वेळ का असते माहितीय तुला? पेशंटला माणसं नकोशी असतात म्हणून नाही. माणसं मोकाट येत राहिली की पेशंटला झोप नाही, आणि येणारेही नुसते खाटेपाशी येऊन उभे राहतात, काय बोलावं ते सुचत नाही. वेळ ठरलेली असली की ती घरून ठरवून येतात, काय विचारायचं, काय सांगायचं. पेशंटही केसबीस विंचरून बसतो.”

धाकटीने लिहिलं, मधेच कुणाचं अडलं तर?

“त्यासाठी इमर्जन्सी असते. अपूर्णांकात इमर्जन्सी नसते गं.”

धाकटीला हसू आलं, आणि हसण्याचाही आवाज होतो हे आठवून तिने तोंडावर हात दाबला.

मग दोघींनी मिळून निरोप लिहिला. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. शंका केव्हाही लिहून ठेवा, मी संध्याकाळच्या वर्गाआधी एक तास बसून सगळ्यांना लिहून उत्तर देईन. त्या तासाखेरीज माझा फोन बंद असेल. शेवटच्या वाक्यावर धाकटी बराच वेळ अडली. ‘सहसा बंद असेल’ असं तिला हवं होतं. ताईने ‘सहसा’ खोडून टाकला.

निरोप गेल्यावर वर्गाच्या फोनवरच्या गटात एकदम सामसूम झाली. मग लाँड्रीवाल्या बाईंनी ‘काळजी घ्या मॅडम’ लिहिलं आणि एकामागून एक सगळ्यांनी तेच लिहिलं. धाकटीला ते वाचून बरं वाटायच्या ऐवजी धडकीच भरली. सगळे निरोप घेतल्यासारखं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने, ताई न्हाणीघरात असताना, फोन सुरू करून पाहिला. अँब्युलन्स चालवणारा एक विद्यार्थी होता. वर्गात तो सगळ्यांत बुजरा. पडद्यावर कधी चेहरा दाखवायचा नाही, विचारलं तर ‘हो मॅडम’ एवढंच. शंका विचारायला त्याला तीन महिने लागले होते. त्याचा मेसेज येऊन पडला होता. ती तो उघडणार, तेवढ्यात तो डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि त्या जागी ‘हा मेसेज पुसला आहे’ अशी ओळ उरली.

त्या एका ओळीने धाकटीचा सगळा दिवस खाल्ला. संध्याकाळी नेमलेल्या तासाला तिने सर्वांत आधी त्याला लिहिलं, काय विचारायचं होतं, मोकळेपणाने विचारा. मेसेज गेला, पण त्याने तो पाहिला नाही. त्या संध्याकाळी तो वर्गातही आला नाही. त्यानंतरही नाही. धाकटीने फळ्यावर ताईला लिहून दाखवलं, बघितलंस? ताई म्हणाली, माणसाला हजार कामं असतात. पण ती नेहमीच्या ठसक्यात म्हणाली नाही.

वर्गाचा प्रश्न तर त्याहून मोठा होता. लिहून शंका सुटतील, तास कसा घ्यायचा? पहिल्या दिवशी धाकटीने नुसतं लिहून दाखवलं. मोठी माणसं दमून आलेली, शांत पडद्याकडे बघत बसली. कुणीतरी चक्क घोरायला लागलं. दुसऱ्या दिवशी ताई भाजी निवडणं टाकून उठली, खुर्ची ओढून धाकटीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, तू लिही, मी वाचते.

ताईचं आणि गणिताचं शाळेपासून हाडवैर. पेशंटच्या औषधाचं माप तिने कधी चुकवलं नाही, पण कागदावरचं उदाहरण दिसलं की तिला घाम फुटे. आता ती खणखणीत आवाजात वाचू लागली. वॉर्डभर ऐकू जाणारा तो आवाज. “भाजकाचा व्यस्त करून गुणायचं. व्यस्त म्हणजे उलटं. असं धाकटी म्हणते. का ते मला विचारू नका.” वर्गात पहिल्यांदाच हशा पिकला.

मग एका ठिकाणी ताई स्वतःच अडली. फळ्यावर अर्ध्याला पावाने भागलेलं होतं आणि उत्तर दोन आलं होतं. ताईने ते वाचलं आणि थांबली. धाकटीकडे वळून म्हणाली, की भागलं तर कमी व्हायला पाहिजे, हे वाढलं कसं? तुझं काहीतरी चुकलंय. धाकटीने पेन उचललं. एवढं सगळं लिहायचं तर पाऊण फळा लागणार होता. ती लिहायला वाकली, तेवढ्यात पडद्यातून लाँड्रीवाल्या बाई बोलल्या. त्या वर्गात एरवी फक्त ‘बरोबर का मॅडम’ एवढंच विचारायच्या.

“मोठ्या मॅडम, अर्धी बाटली साबण उरलाय. एका धुण्याला पाव बाटली लागते. किती धुणी होतील?”

“दोन,” ताई म्हणाली.

“तेच विचारलंय तिथं.”

ताईने फळ्यावरचं उत्तर पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर.” आणि धाकटीने उचललेलं पेन तसंच खाली ठेवलं.

त्या दिवसापासून ताई ‘मोठ्या मॅडम’ झाली. तिला कळेना तिथे ती बिनदिक्कत अडायची, आणि वर्ग तिला समजावून सांगायला सरसावायचा. एकाला जमलं नाही तर दुसरा पुढे यायचा. कधी ते सगळेच चुकायचे, मग धाकटी फळ्यावर एक आकडा गोल करून दाखवायची आणि ते पुन्हा मागे जायचे. शंकांच्या तासालाही हळूहळू फरक पडला. सुरुवातीला तो पुरायचा नाही. पुढे पुढे तिने फोन उघडावा, तर निम्म्या शंकांखाली दुसऱ्याच कुणाचं उत्तर आधीच लिहिलेलं असायचं. उत्तर बरोबर असलं की ती नुसती खूण करायची. लिहायला लागायचं तेव्हा तिला कळलं, की एकच गोष्ट ती वर्षभर वेगवेगळ्या माणसांना बोलून सांगत होती. आता एकदा लिहिलेलं ती दुसऱ्याला तसंच पाठवू लागली. संयोजकांनी विचारपूस करायला फोन केला, तेव्हा ताईने त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तास त्यांचाच राहू दे, आवाज कुणाचा का असेना. बदली शिक्षकाचं नाव पुन्हा निघालं नाही.

पण अँब्युलन्सवाला आला नाही. धाकटी रोज त्याचं नाव शोधायची.

आणि दिवसाचे उरलेले तास रिकामे पडू लागले. रिकाम्या वेळात भीती येऊन बसते. इतकी वर्षं फोन वाजत होता म्हणून ती आत आली नव्हती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी दोघी पत्ते मांडून बसल्या होत्या. धाकटीने पानं खाली ठेवली आणि फळा ओढला. मला काही झालं तर, एवढं लिहून ती पुढचे शब्द शोधत होती. ताईने हात पुढे केला आणि तळव्याने ती ओळ पुसून टाकली. तळवा काळा झाला. “तुझी उतारी आहे,” ती म्हणाली.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. गाठ तपासायला गेली. अहवाल यायला आठवडा लागेल म्हणाले होते. त्या आठवड्यात घर फारच नीटनेटकं झालं. ताईने कपाटं आवरली, डबे घासले, आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. धाकटी ठरलेल्या तासाला शंकांची उत्तरं लिहायची, ताई ठरलेल्या वेळेला वर्गात वाचायची. त्या दोन वेळा होत्या म्हणून दिवस ढकलले गेले.

अहवाल सांगताना डॉक्टरांनी प्रस्तावना केली नाही. “साधी गाठ होती,” ते म्हणाले. “घाबरण्यासारखं काही नाही. आवाज फार वापरलात, एवढाच गुन्हा.”

धाकटीने डोळे मिटले. ताई मात्र ताठ बसून होती. तिने जुन्या सवयीने दोन-तीन नेमके प्रश्न विचारले, पुन्हा उद्भवू शकते का, पुढची तपासणी केव्हा, औषध किती दिवस. उत्तरं ऐकून घेतली, आभार मानले, दार ओढून घेतलं. जिन्यापाशी आल्यावर तिने कठडा धरला आणि ती पहिल्याच पायरीवर बसली.

आयुष्यभर ताईने पेशंटच्या नातेवाइकांना असल्या पायऱ्यांवरून उठवलं होतं. इथे बसू नका, वाट अडते. आता खालून एक वॉर्डबॉय औषधांचं खोकं उचलून आला आणि त्याने तेच सांगितलं. ताईने मान वर केली. तिचा चेहरा ओला होता.

“दोन मिनिटं बसू द्या हो,” ती म्हणाली.

धाकटी तिच्या शेजारी बसली. वॉर्डबॉय दुसऱ्या बाजूने गेला. बोलायची एकीला परवानगी नव्हती, दुसरीला बोलणं जमत नव्हतं.

त्याच संध्याकाळी वर्ग सुरू झाला, आणि हजेरीच्या नावांत अँब्युलन्सवाल्याचं नाव उगवलं. धाकटीने ताईच्या दंडाला एवढ्या जोरात धरलं की ताई ओरडलीच. मग ताईने त्याला हटकलं. कुठे होतास बाबा इतके दिवस, इथे आमच्या मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने पहिल्यांदाच कॅमेरा सुरू केला. रुंद चेहऱ्याचा, टक्कल पडू लागलेला, गणवेशातलाच माणूस होता. त्याने सांगितलं, की त्याची पाळी बदलली होती, फोनही खराब झाला होता. आता सगळं मार्गी लागलंय. अभ्यास तो गाडीत बसून करत होता.

धाकटीने फळ्यावर भराभर लिहिलं आणि ताईने वाचलं. “मॅडम विचारतायत, त्या दिवशी काय विचारलं होतंस, आणि पुसलंस का?”

तो लाजला. “ते होय मॅडम. काय अडलंय ते नीट लिहून काढत होतो. पाठवलं आणि परत वाचलं, तर कळलंच की कुठं चुकलंय ते. मग उगाच तुम्हाला त्रास कशाला, म्हणून पुसून टाकलं.”

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी पडद्याकडे पाहत होती. एवढे दिवस उरावर ठेवलेला धोंडा त्या माणसाने सहज उचलून बाजूला ठेवला होता. तिला हुश्श झालं. त्या हुश्शच्या तळाशी बारीक काहीतरी टोचलंही. त्याची शंका शिळी झाली नव्हती. ती तिच्यावाचून सुटली होती. किती जणांच्या शंका अशा सुटल्या असत्या, तिने अर्ध्या वाक्यात तोडून उत्तर सांगितलं नसतं तर, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो फार लांबवला नाही. तिने फळ्यावर लिहिलं, शाब्बास. ताईने ते वाचलं आणि आपल्याकडून वर एक ‘वा’ जोडला.

आवाज परत आला तो वेगळाच आला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, थोडा जाड येईल, थोडा खाली येईल, पूर्वीसारखा होईलच असं नाही. सुरुवातीला दिवसातून दहाच मिनिटं बोलायची मुभा होती. आता ही बया दहाची दहा मिनिटं वर्गात उडवणार, अशी ताईची खात्री होती. पहिल्या दिवशी सकाळी धाकटी चहा घेऊन ताईसमोर बसली, घसा न खाकरता हळू बोलू लागली. समोरच्या बाईंनी पडदे बदलले ते तुला आवडले का, मला नाही आवडले. तुझा मुलगा फोनवर खोकत होता, त्याला विचारलंस का. ताईने सगळ्याची उत्तरं दिली. या जाड आवाजाची सवय व्हायला वेळ लागेल, असं तिच्या मनात आलं.

परीक्षा झाली. अँब्युलन्सवाला पास झाला, लाँड्रीवाल्या बाई चांगल्या गुणांनी पास झाल्या. पहारेकरी थोडक्यात राहिला. धाकटीने हळहळून त्याला लिहिलं, तर त्याचं उलट उत्तर आलं, मॅडम, पुढच्या खेपेला बघा. त्याने ते शंकांच्या तासाला लिहिलं होतं. वेळ आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. नव्या सत्राच्या पहिल्याच दिवशी धाकटीने ती सांगून टाकली, आणि कुणी सोडून गेलं नाही. संयोजकांनी तिला गळ घातली, नव्या शिक्षकांसमोर वेळेच्या नियोजनावर दोन शब्द बोला. तिने कळवलं, बोलायला डॉक्टरांची परवानगी नाही. परवानगी होती. पण दोन शब्दांसाठी तिला ती खर्च करायची नव्हती.

वर्ग ती आता अर्धाच तास बोलून घ्यायची, उरलेला अर्धा त्यांच्यावर सोडायची. ताई त्या वर्गात अजून बसायची, म्हणायची सवय लागली, दुसरं काय. पुढे एके दिवशी तिने संस्थेकडून धाकटीच्या जुन्या तासांची रेकॉर्डिंग मागवून घेतली. कशाला, असं धाकटीने विचारलं तर म्हणाली, सुरुवातीचे धडे माझे हुकलेत.

एका दुपारी धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा पीत बसली होती. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता. शंकांच्या तासाला बराच अवकाश होता. उन्हाचा पट्टा टेबलावरून तिच्या हातावर आला होता, आणि तिने हात हलवला नव्हता.

तिकडच्या खोलीत ताईने धडा लावला. उघडं, स्वच्छ, जरा घाईतलं बोलणं कानावर आलं. प्रत्येक शब्दाची कड लख्ख. दरवाजाच्या फटीतून तो आवाज ऐकताना धाकटीला क्षणभर वाटलं, ही बाई छान शिकवते. तिने कप ओठांपासून खाली घेतला आणि ऐकत राहिली. तो आवाज आता कुणाकडेच उरला नव्हता. गुणाकार झाला, उदाहरण झालं. मग त्या आवाजाने नेहमीसारखं विचारलं, “समजलं का?” आणि तो उत्तरासाठी थांबला.

“नाही,” ताई म्हणाली, आणि धडा मागे नेऊन तिने पुन्हा लावला.

धाकटी उठली नाही. तिने कपात आणखी थोडा चहा ओतून घेतला.